टिकलीखालचा आकडा

मंडळी, जरा पुढे सरकून बसा. मागच्या भिंतीला टेकलेल्यांनो, तुम्हीसुद्धा. भिंतीला तुमच्या आधाराची गरज नाही, ती शंभर वर्षं तशीच उभी आहे.

आणि एक आधीच सांगून ठेवते. आज मी मधूनच डावीकडे झुकलेली दिसले, तर काळजी करू नका. कीर्तनकार झुकला की लोकांना वाटतं, भाव दाटून आला. तसं काही नाही. इथली फरशी डावीकडे किंचित उतरती आहे.

तर पूर्वरंगात आपण कुठे होतो? दोन भक्त भांडत होते. एक म्हणे माझा देव मोठा, दुसरा म्हणे माझा. आता मला सांगा, मोठं कोण, हे मापायचं कशानं? आणि समजा मापलं, तर ते माप बरोबर आहे की नाही, हे कोणी मापायचं? आमचे पेटीवाले सदाशिवराव हसताहेत. हसा. गेली वीस वर्षं ते तबलजींना सांगताहेत की तुमचा तबला उतरलाय, आणि तबलजी त्यांना सांगताहेत की तुमची पेटी चढली आहे. दोघंही माझ्याकडे बघतात. मी देवाकडे बघते.

या प्रश्नाचं उत्तर पुराणात आहे, पण पुराण तुम्हाला पाठ आहे. मी आज कऱ्हाडची गोष्ट सांगते. घडलेली.

कऱ्हाडला एक गृहस्थ राहत. अप्पा खळदकर. मी त्यांना अप्पा म्हणत असे, तुम्हीही म्हणा. वजनमापे निरीक्षक होते, चौतीस वर्षं. दुकानदाराची वजनं खरी की खोटी, हे तपासून त्यावर शिक्का मारायचा, ही नोकरी. निवृत्त झाले, शिक्का सरकारला परत केला, पण नजर परत करता येते का? भाजी आणायला गेले की आधी वाकून तराजूच्या खाली बघत. मग वर. मग भाजीवालीकडे. मग भाजीकडे. तोवर भाजी शिळी. बाजारात त्यांच्याबरोबर जायला घरचं कोणी तयार नसे.

खिशात नेहमी एक पाणसळ. म्हणजे ती गवंड्याकडे असते ना, काचेच्या नळीत हिरवं पाणी आणि आत एक बुडबुडा? बुडबुडा मधोमध आला की जागा सपाट. लग्नाला गेले तर जेवायचं टेबल तपासत. एकदा मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांच्या समोरच कांदेपोह्यांच्या टीपॉयवर पाणसळ ठेवली होती. पाहुण्यांना वाटलं, काही विधी असेल. त्यांनी नमस्कार केला.

अप्पांचे नियम दोन. लक्षात ठेवा, पुढे लागतील. पहिला, तोलायच्या आधी रिकामा तराजू बघायचा. रिकाम्या तराजूत खोट असेल तर पुढचं सगळं खोटं. दुसरा, एकदा तोललं की पारडी बदलून पुन्हा तोलायचं. डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे. दोन्ही वेळा तेच आलं, तर खरं.

आता या अप्पांच्या वरच्या मजल्यावर पोतनीस राहत. उषावहिनी आणि त्यांचे दोन मुलगे. मोठा शार्दूल, दूध संघाच्या प्रयोगशाळेत. धाकटा मिहीर, बँकेत. वडील नाना चार वर्षांपूर्वी गेले. दोघं भाऊ कमावते, सरळ, निर्व्यसनी. फक्त संध्याकाळी सातला घरी आले की पाय धुवायचे, देवाला नमस्कार करायचा आणि गोळीबार सुरू.

काकू, दचकू नका. कॉम्प्युटरवरचा गोळीबार. खेळ आहे तो. पडद्यावर फक्त आपले दोन हात दिसतात आणि हातातली बंदूक. आपण स्वतः दिसत नाही. बाकी सगळं जग दिसतं, स्वतःचं तोंड तेवढं दिसत नाही. वेदान्त सांगायला मला पाऊण तास लागतो, त्या खेळात तो पहिल्याच चित्रात आहे.

दोघं भाऊ जोडीनं खेळत. एकानं दार उघडायचं, दुसऱ्यानं आत शिरायचं. एकाच्या पाठीला दुसऱ्याची पाठ. उषावहिनी म्हणायच्या की घरात एक ताट उचलत नाहीत, पण तिथे एकमेकांसाठी जीव देतात. सांगलीच्या स्पर्धेत जोडीचा दुसरा नंबर आला होता. ते मानचिन्ह फ्रिजवर होतं.

आणि मग घरात आलं ग्राफिक्स कार्ड.

मंडळी, ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीतला चित्रकार समजा. त्याचं काम एकच, भराभर चित्रं काढणं. एका सेकंदात साठ, ऐंशी, शंभर चित्रं. ती एकामागून एक पडद्यावर आली की आपल्याला वाटतं, सगळं हलतंय. सेकंदाला जितकी चित्रं जास्त, तितका खेळ सुरळीत. आणि सेकंदाला किती चित्रं निघाली, त्याचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दाखवता येतो.

तो आकडा, मंडळी. सगळं रामायण त्या आकड्याचं.

दोघांनी एकाच महिन्यात नवी कार्डं घेतली. शार्दूलनं लाल डब्यातलं, मिहीरनं हिरव्या डब्यातलं. दोन कंपन्या वेगळ्या. आणि झाले ना घरात दोन संप्रदाय! हा म्हणे माझं एकशेतीस दाखवतंय, तो म्हणे माझं एकशेचाळीस. मग हा म्हणे तू उन्हातल्या मैदानात उभा होतास, मी धुरात होतो, धूर रंगवायला कष्ट पडतात. तो म्हणे तुझ्या लाल डब्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजतो. पूर्वी जेवताना आमटीवरून बोलायचे, आता आकड्यावरून. रिकाम्या डब्यांचीसुद्धा कपाटावर समोरासमोर मांडणी. शेवटी उषावहिनींनीच सुचवलं की खाली अप्पा आहेत, आयुष्यभर हेच केलंय त्यांनी, त्यांना विचारा आणि मला सुखानं चपात्या लाटू द्या.

अप्पांना इतका आनंद निवृत्तीनंतर पहिल्यांदाच झाला असेल. रविवारी दुपारी चार वाजता इस्त्रीचा शर्ट घालून, वही आणि पाणसळ घेऊन वर गेले. आधी दोन्ही टेबलांवर पाणसळ. शार्दूलनं नम्रपणे सांगितलं की अप्पा, टेबल तिरकं असलं तरी चित्रं सांडत नाहीत. अप्पा म्हणाले की तुझं काम तू कर.

मग खेळ समजून घ्यायला स्वतः बसले. आत शिरताच मेले. पुन्हा शिरले, पुन्हा मेले. सात वेळा. त्यांची तक्रार अशी की समोरचा कसलीही पूर्वसूचना न देता गोळी घालतो, निदान आधी नाव तरी विचारावं. मग त्यांनी बंदूक मुलांच्या हाती दिली आणि वही स्वतःच्या.

पण तपासणी चोख. खेळातला एक जुना कारखाना ठरवला. दोघांनी त्याच दारातून आत शिरायचं, त्याच जिन्यानं वर जायचं, त्याच खिडकीशी थांबायचं. दहा फेऱ्या. आणि काय सांगू, तिसऱ्या फेरीत अप्पांनी चोरी पकडली! मिहीर जिन्यात मधेच भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. का? कारण समोर नुसती भिंत असली की रंगवायला काही नसतं, चित्रकार मोकळा, आकडा वर चढतो. अप्पांनी फेरी रद्द केली आणि सांगितलं की याला आमच्याकडे पारड्याला अंगठा लावणं म्हणतात.

मग दुसरा नियम. पारडी बदला. लाल कार्ड मिहीरच्या पेटीत, हिरवं शार्दूलच्या. दोघांचे चेहरे असे झाले, जणू मुलगी सासरी चालली आहे. पुन्हा दहा फेऱ्या. आणि निकाल तोच आला. हिरवं एकशेचाळीस. लाल एकशेएकतीस. नऊचा फरक.

अप्पांनी तिथेच दाखला लिहिला. ‘प्रमाणित करण्यात येते की’, इथून सुरुवात. खाली सही, तारीख, वेळ. आणि विजयी मुद्रेनं खाली येऊन चहा मागितला.

आता तुम्ही म्हणाल, झालं, प्रश्न मिटला. मिटला? अहो, आपल्याकडे निकाल लागल्यावर भांडण सुरू होतं.

मिहीरनं दाखल्याला चौकट करून घेतली आणि ती बैठकीच्या खोलीत लावली. येणारा-जाणारा वाचणार.  शार्दूल बोलणाऱ्यातला नव्हताच. पण त्या आठवड्यात त्यानं जोडीनं खेळणं बंद केलं. मिहीर दार उघडायचा, मागे कोणी नाही. मग शार्दूल जेवायला उशिरा येऊ लागला. आणि पंधराव्या दिवशी आईला त्यानं सांगितलं की दूध संघाची एक जागा नागपूरला निघाली आहे, अर्ज केला आहे.

नऊ चित्रांसाठी? हो, मंडळी. नऊ चित्रांसाठी. तुम्ही हसता आहात, पण दोन जावांमध्ये सहा महिने अबोला कशावरून होता, ते मला तुमच्याच गावात कोणीतरी सांगितलंय. नाव घेत नाही. इडलीपात्र होतं.

उषावहिनी खाली आल्या. दारातच उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. म्हणाल्या,

“अप्पा, तुम्ही खरं तेच सांगितलंत. पण माझं घर नऊनं कमी झालं.”

आणि वर गेल्या.

अप्पांनी चौतीस वर्षांत एकही निकाल मागे घेतला नव्हता. कारण एकही चुकला नव्हता. आताही वही काढली. आकडे बरोबर. बेरीज बरोबर. पारडी बदलली होती. मग चुकलं कुठे? बाईच्या डोळ्यांत पाणी येतं आणि वहीत चूक सापडत नाही, तेव्हा माणसानं काय करायचं? बहुतेक लोक वही बंद करतात आणि म्हणतात, माझं काम मी चोख केलं. अप्पा दुसऱ्या दिवशी चष्मा पुसून पुन्हा वर गेले. म्हणाले की ती नऊ चित्रं मी वहीत पाहिली, पडद्यावर पाहिली नाहीत. मला ती डोळ्यांनी बघायची आहेत.

शार्दूलनं खेळून दाखवलं. मिहीरनं दाखवलं. अप्पा या पडद्यासमोरून त्या पडद्यासमोर. काही दिसेना. त्यांना वाटलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन बिनसलं. तर म्हणाले, माझं राहू दे, तुम्हाला तरी दिसतंय ना? दोघंही एका सुरात म्हणाले की म्हणजे काय, स्पष्ट! महिन्याभरात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं.

मग अप्पा उषावहिनींना म्हणाले, “वहिनी, टिकली आहे का? मोठी बघा.”

उषावहिनी म्हणाल्या की हळदीकुंकवाची पाकिटं पडून आहेत, मी आता लावत नाही. त्यातली एक लाल टिकली अप्पांनी घेतली आणि पडद्याच्या कोपऱ्यात, बरोबर आकड्यावर, चिकटवली. दुसऱ्या पडद्यावर दुसरी. आकडा झाकला. दोन्ही पेट्यांवर चादर टाकली, म्हणजे कुठली पेटी कुठल्या पडद्याला जोडली ते कळू नये. पंख्याच्या आवाजावरून ओळखतील म्हणून वहिनींना सांगितलं, मिक्सर चालू ठेवा. वहिनींनी शेंगदाण्याची चटणी केली, जवसाची केली, कारळ्याची केली. ती चटणी आम्हाला पुढे दोन महिने पुरली.

एकानं गॅलरीत जायचं. दुसऱ्यानं आत वायर बदलायची, किंवा नाही बदलायची. मग पहिल्यानं येऊन पाच मिनिटं खेळायचं आणि सांगायचं, हे लाल की हिरवं. दहा वेळा शार्दूल, दहा वेळा मिहीर.

पहिल्याच वेळी मिहीर दोन मिनिटं खेळला आणि ओरडला, की हे लाल, अडखळतंय नुसतं! चादर उचलली. त्याचंच हिरवं.

शार्दूल कधी नव्हे तो हसला. मग शार्दूल बसला. म्हणाला की आता कसं लोण्यासारखं चालतंय, हे माझं. चादर उचलली. तेही हिरवंच.

शेवटी हिशोब असा. दहांपैकी शार्दूलचे पाच बरोबर, मिहीरचे चार. डोळे मिटून सांगितलं असतं तरी एवढेच आले असते.

सदाशिवराव, जरा सूर द्या. ओवी माझीच आहे. मात्रा मोजू नका, आज मोजणाऱ्यांची फजिती चालली आहे.

कोपऱ्यात चढे आकडा ।
तिथेच जीव वेडा ।
समोर चित्रांचा सडा ।
पाहतो कोण ॥

आता अप्पा उठले. चौतीस वर्षांची सवय. वस्तूची पाटी वाचायची. पडदा हळूच फिरवला, पाठीमागे चिकटवलेला बारीक अक्षरांचा कागद भिंगानं वाचला. दुसरा फिरवला, वाचला. आणि भिंग खाली ठेवलं.

पडदा सेकंदाला साठ चित्रं दाखवणारा होता. साठ. त्याहून जास्त दाखवायची त्याची ताकदच नव्हती. आत हिरवा चित्रकार एकशेचाळीस काढतोय, लाल एकशेएकतीस काढतोय, आणि बाहेर पडदा दोघांचीही साठच लावतोय! उरलेली? स्वयंपाक झाला, पण पानात वाढलाच नाही. जाणकार म्हणतील की बाई, तरीही हाताला थोडा फरक लागतो. लागत असेल. त्या दोघांच्या हातांना दहा-दहा वेळा लागला नाही, एवढं मी सांगते.

पण अप्पांच्या हे आधी लक्षात का नाही आलं? इथे खरी गंमत आहे. दोन्ही पडदे जुळे होते. नानांनी, म्हणजे मुलांच्या वडिलांनी, एकाच दिवशी एकाच दुकानातून आणले होते. कशाला? तर पोरांनी भांडू नये म्हणून. आणि निरीक्षकाचा हिशोब असा असतो की दोन्ही बाजूंना जे सारखं, ते तपासायची गरज नाही. ते कटतं. अप्पांनी जे वेगळं होतं ते चोख मापलं. जे सारखं होतं, त्याच्याकडे बघितलंच नाही.

“रिकामा तराजू बघायचा राहिला,” अप्पा म्हणाले. “माझ्याकडून.”

भिंतीवरची चौकट त्यांनी स्वतः उतरवली. दाखला काढून त्याच्या पाठीवर लिहिलं, ‘सदर दाखला रद्द. कारण, तपासणी करणाऱ्यानं साधन न तपासता निकाल दिला.’ खाली सही, तारीख, वेळ. आणि तो कागद दोन्ही हातांनी शार्दूलपुढे धरला. सत्तरीचा माणूस, अठ्ठावीस वर्षांच्या मुलासमोर.

शार्दूलनं कागद घेतला. वाचला. मग पडद्याकडे वळला. म्हणाला,

“म्हणजे नानांनी आम्हाला सारखंच ठेवलं होतं.”

 मिहीरनं मान खाली घालून शार्दूलची खुर्ची आपल्या शेजारी ओढली. त्या संध्याकाळी कारखान्याचं दार एकानं उघडलं आणि मागे दुसरा होता. टिकल्या तशाच राहिल्या. नागपूरचा अर्ज दुसऱ्या दिवशी मागे घेतला.

आणि सगळं गोड झालं? छे हो, भाऊ आहेत ते. पुढच्या रविवारी दोघं एका स्कूटरवरून नवा, मोठ्या ताकदीचा पडदा बघायला बाजारात गेले. मिहीरला वाकडा हवा, शार्दूलला सरळ. तीन वर्षं झाली, अजून ठरतंय. पण जातात एका स्कूटरवरून.

तर मंडळी, मापायचं कशानं, हा आपला प्रश्न होता. देव वरून किती पाठवतो, याचे आकडे आपण रोज लावतो. शेजाऱ्याला किती दिलं, मला किती. एकाची भक्ती किती, दुसऱ्याची किती. आपला पडदा फिरवून मागची पाटी वाचली आहे का कधी? घरी जाल तेव्हा बघा. मुलांच्या गुणांवर, सुनेच्या माहेरच्या आहेरावर, धाकट्या भावाच्या गाडीवर एकेक टिकली लावून बघा. नऊचा फरक दिसतो का, ते मला पुढच्या रामनवमीला सांगा.

आता शेवटचं, आणि आरती.

हे अप्पा माझे वडील. मागच्या मार्गशीर्षात गेले. आम्ही दोघं भावंडं. माझा भाऊ परीक्षेत पहिला आला की अप्पा पेढे वाटत. माझ्या कीर्तनाला येत, पण मागे खांबाशी बसत आणि घरी आल्यावर एवढंच म्हणत की आज झांज किंचित पुढे होती. मी ते मोजलं होतं. त्याचे पेढे इतके, माझी वाक्यं इतकी. फरक माझ्याकडे लिहून होता.

आणि एक सवय होती त्यांची. कुठल्याही गावी कीर्तन असो, ते तासभर आधी देवळात जात. पाणसळ घेऊन. मी जिथे उभी राहणार, तिथे ओणवे होऊन फरशी तपासत आणि सतरंजीखाली वर्तमानपत्राच्या घड्या सारत. चारचौघांत मला संकोच वाटे. मी म्हणायची, अप्पा, ही काही दुकानाची तपासणी नव्हे. ते म्हणत की तुझं काम तू कर.

या देवळात मी अकरा वर्षं उभी राहते आहे. मंडळी, मला वाटायचं, सगळ्या देवळांच्या फरशा सपाटच असतात.

आज डावीकडे उतार आहे.

उठा. आरती घ्या.